दक्षिण इंग्लंडमधील बागा आणि बागकर्त्या

टेम्स नदीच्या काठावरील चेल्सीपासून सरे, केंट आणि एसेक्स या परगण्यांपर्यंत पसरलेला बागांचा पट्टा हा इंग्लंडच्या उद्यानविद्येचा गाभा मानला जातो, आणि त्याचा इतिहास सांगताना राजे, सरदार, श्रीमंत व्यापारी व वनस्पतींच्या शोधात जगभर हिंडलेले पुरुष यांची नावे आधी घेतली जातात. मात्र याच बागांतून पाट्या वाचत, वाफे निरखत फिरले असता निराळी नामावली हाती लागते. इथल्या कितीतरी उत्तम बागा, संग्रह आणि वाण स्त्रियांच्या हातून घडलेले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकींना उद्यानविद्येच्या दालनात सरळ दाराने प्रवेश मिळालेला नव्हता. कोणी नवऱ्याच्या कर्जापायी, कोणी अधू होत चाललेल्या डोळ्यांमुळे, कोणी वडिलोपार्जित घर गमावल्यामुळे, तर कोणी हजारो मैल ओलांडून दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेतून या क्षेत्रात आली. आणि ज्या वाटेने ती आली त्या वाटेची खूण तिच्या कामावर उमटली. या प्रवासाचा मार्ग चेल्सीतून निघून क्यू, विस्ली, मन्स्टेड वुड आणि सिसिंगहर्स्ट असा जात एल्मस्टेड मार्केट या एसेक्समधील गावी संपतो.

स्लोन स्क्वेअर या भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून नदीच्या दिशेने चालत गेल्यावर उंच विटांच्या भिंतीआड चेल्सी फिजिक गार्डन लागते. औषधे तयार करून विकणाऱ्या व्यावसायिकांच्या संघाने शिकाऊ उमेदवारांना वनस्पती ओळखता याव्यात म्हणून १६७३ मध्ये लावलेली ही औषधी बाग आजही तिच्या जुन्या जागीच आहे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात या बागेजवळच्या स्वान वॉक या रस्त्यावर एलिझाबेथ ब्लॅकवेल राहायला आल्या, त्या वेळी त्यांचे पती कर्जापायी तुरुंगात होते आणि त्यांना सोडवण्यासाठी पैसा उभा करणे हे त्यांच्यापुढील काम होते. औषधी वनस्पतींचा नवा सचित्र ग्रंथ वैद्यांना हवा आहे हे हेरून त्यांनी बागेतून ताजी रोपे आणून त्यांची चित्रे काढली, तीच चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर स्वतः कोरली आणि छापून आल्यावर हाताने रंगवली. एरवी चित्रकार, कोरक्या आणि रंगारी अशा तीन कारागिरांचे हे काम एका स्त्रीने एकटीने पार पाडले. १७३७ ते १७३९ या काळात आठवड्याला चार चित्रे या गतीने ‘अ क्यूरिअस हर्बल’ हा ५०० चित्रांचा ग्रंथ पूर्ण झाला आणि त्याच्या मिळकतीतून पतीची सुटका झाली. त्या पतीला पुढे स्वीडनमध्ये राजकीय कटाच्या आरोपावरून देहदंड झाला. ग्रंथ मात्र टिकला. उपजीविकेच्या निकडीतून झालेले काम म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण ठरलेल्या दिवशी ठरलेली चित्रे देण्याच्या बांधिलकीशिवाय एवढा पसारा पुरा होणेही अवघड होते.

चेल्सीहून नदीच्या वरच्या अंगाला क्यू येथील राजोद्यान आहे. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट मार्गावर क्यू गार्डन्स याच नावाचे स्थानक असून तिथून प्रवेशद्वार अगदी जवळ आहे. जगातील वनस्पतिशास्त्राच्या या मोठ्या केंद्राची सुरुवात १७५९ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांच्या मातोश्री, राजकन्या ऑगस्टा यांनी लावलेल्या छोट्या वनस्पती-उद्यानापासून मानली जाते. भारतातल्या हॉटेलांच्या आवारात हमखास दिसणारे, केशरी-निळ्या पक्ष्याच्या तुऱ्यासारखे ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’ हे दक्षिण आफ्रिकेतील फूल आपल्या शास्त्रीय नावात, ‘स्ट्रेलिट्झिया रेजिनी’ या शब्दांत, ऑगस्टांच्या सूनबाई राणी शार्लट यांच्या माहेरच्या घराण्याची आठवण बाळगून आहे. राजघराण्यातील स्त्रियांना बागेचा छंद मोकळेपणाने करता येई. पगारी कामासाठी मात्र क्यूचे दार स्त्रियांना उघडायला १८९६ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी ॲनी गल्विन आणि ॲलिस हचिन्स या दोघी क्यूमध्ये माळी म्हणून रुजू झाल्या. दोघींचेही शिक्षण केंटमधील स्वानली येथील उद्यानविद्या महाविद्यालयात झाले होते. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८९१ पासून मुलींना प्रवेश दिला, आणि पुढे ती केवळ मुलींचीच झाली. क्यूच्या व्यवस्थापनाने या स्त्रियांनी पुरुष माळ्यांसारखाच पोशाख करावा असा नियम घातला, त्यामुळे गुडघ्याखाली बांधलेली तपकिरी विजार व लोकरी मोजे घालून त्या कामावर येत, आणि तो पोशाख वृत्तपत्रांच्या थट्टेचा विषय झाला. त्यांनी कोणती कलमे बांधली, कोणत्या काचघरातील रोपे सांभाळली याची चर्चा त्या मानाने कमी झाली. पुढे पहिल्या महायुद्धात पुरुष माळी आघाडीवर गेले आणि बाग चालू ठेवण्यासाठी स्त्रियांना मोठ्या संख्येने बोलवावे लागले. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले. गरज पडली की बोलावणे आणि ती सरली की विसरणे हा व्यवहार स्त्रियांच्या श्रमाबाबत इतरत्रही दिसतो.

क्यूच्या पूर्व सीमेलगत मरिअॅन नॉर्थ कलादालन आहे. लाल विटांच्या या इमारतीभोवती ओसरी आहे. ती आखणारे वास्तुविशारद जेम्स फर्ग्युसन हे भारतीय वास्तुकलेचे अभ्यासक होते, आणि पश्चिम भारतातील लेण्यांवरील त्यांच्या लेखनामुळेच अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करवून घेण्याच्या कामाला चालना मिळाली होती. पुण्यातील महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते गव्हर्नर फर्ग्युसन वेगळे, हे येथे सांगून ठेवणे बरे. मरिअॅन नॉर्थ (१८३०–१८९०) या हेस्टिंग्ज येथील खासदाराच्या कन्या होत्या. १८६९ मध्ये वडील वारल्यानंतर, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी जगभरच्या वनस्पती त्या जिथे वाढतात तिथे जाऊन रंगवण्याचे ठरवले आणि १८७१ ते १८८५ या काळात ब्राझील, जपान, बोर्निओ, सिलोन, भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सेशेल्स, चिली असा प्रवास बहुतांशी एकटीने केला. वनस्पतिचित्रणाची रूढ पद्धत अशी की, कोऱ्या पांढऱ्या कागदावर जलरंगात एकच फांदी, तिचे फूल, फळ आणि बी दाखवायचे. नॉर्थबाईंनी तैलरंग वापरले आणि झाड त्याच्या मुलखासह रंगवले, म्हणजे फांदीमागे डोंगर, दलदल, देऊळ किंवा समुद्र आला आणि त्या झाडाला हवा-पाणी कोणते लागते हे चित्रातच कळू लागले.

आपली चित्रे क्यूला देण्याची आणि त्यांच्यासाठी स्वखर्चाने इमारत बांधून देण्याची तयारी त्यांनी १८७९ मध्ये संचालक जोसेफ हूकर यांना पत्राने कळवली. पाहायला येणाऱ्यांना तिथे चहा-कॉफी मिळावी अशीही त्यांची इच्छा होती, पण हूकर यांनी ती मानली नाही, तेव्हा नॉर्थबाईंनी दालनाच्या दारांभोवती चहाची व कॉफीची झाडे रंगवून ठेवली, आणि ती आजही तिथे दिसतात. १८८२ मध्ये खुल्या झालेल्या या दालनात ८३२ चित्रे चौकटीला चौकट भिडवून, प्रदेशवार लावलेली आहेत, आणि त्यांच्याखालील भिंतीवर प्रवासात जमवलेल्या २४६ प्रकारच्या लाकडांच्या फळ्या बसवलेल्या आहेत. बोर्निओतील चित्रांपैकी एकात घटपर्णीचे, म्हणजे कीटकांना पकडण्यासाठी पानाच्या टोकाशी कलशाकार पिशवी धारण करणाऱ्या वेलीचे, लालसर ठिपक्यांचे मोठे कलश दिसतात. या जातीची शास्त्राला तोवर ओळख नव्हती. चित्र पाहून एका नामांकित रोपवाटिकेने सारावाकला माणूस पाठवला, रोपे मिळाली, आणि हूकर यांनी १८८१ मध्ये तिला ‘नेपेन्थिस नॉर्थियाना’ हे नाव दिले. चित्रकाराच्या हातून नवी जात उजेडात यावी, हा या दालनाच्या शास्त्रीय मोलाचा पक्का पुरावा आहे. संपत्ती, मोकळीक आणि ओळखी नॉर्थबाईंपाशी होत्या, आणि ते मान्य करूनही त्यांनी त्या साधनांचे चीज केले असेच म्हणावे लागते.

क्यूहून नैर्ऋत्येला सरे परगण्यात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या १८०४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची विस्ली येथील बाग आहे, आणि भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने या संपूर्ण मार्गावरील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच आहे. बागेतील बॅटल्स्टन टेकडीच्या उतारावर, उंच झाडांच्या विरळ सावलीत, मार्च-एप्रिलमध्ये मॅग्नोलियाची झाडे फुलतात. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील झाड. त्यांच्यातच ‘मॅग्नोलिया कोबस जानकी अम्माळ’ हा वाण आहे. एका खोडाऐवजी बुंध्यापासूनच अनेक खोडे फुटलेला त्याचा विस्तार पसरट असतो, पाने फुटण्यापूर्वीच उघड्या फांद्यांवर पांढरी फुले येतात आणि फुलाच्या मध्यभागी जांभळट पुंकेसरांचा झुबका दिसतो. पाकळी बोटांच्या चिमटीत धरली तर ती साध्या कोबस मॅग्नोलियाच्या पाकळीपेक्षा जाड लागते, आणि या जाडपणामुळे या वाणाची फुले अधिक दिवस टिकतात. हा जाडपणा प्रयोगशाळेत घडवलेला आहे.

त्याची प्रक्रिया अशी. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धाग्यांसारखे घटक, ठरावीक संख्येने असतात, आणि पेशी दुभंगताना ती आधी दुप्पट होऊन मग त्यांची समान वाटणी होते. कोल्चिसिन हे द्रव्य ही वाटणी रोखते, त्यामुळे दुप्पट झालेली गुणसूत्रे एकाच पेशीत राहून जातात. कोवळ्या रोपाची बीजपत्रे, म्हणजे बीतून निघालेली पहिली पाने, पूर्ण उघडली की वाढीच्या शेंड्यावर या द्रव्याचे पाण्यातील द्रावण लावतात, आणि ते साधले तर पुढे वाढणाऱ्या झाडाची पाने जाड व भरीव होतात. मॅग्नोलिया कोबसमध्ये मुळात ३८ गुणसूत्रे असतात, ती अशा उपचाराने ७६ होतात. कोल्चिसिन युरोपातील शरद ऋतूत फुलणाऱ्या कोल्चिकम नावाच्या कंदवर्गीय रोपातून मिळते. तेच द्रव्य सह्याद्रीत श्रावण-भाद्रपदात कुंपणांवर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते, आणि दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. कळलावी विषारी म्हणून गावोगावी ओळखली जाते, ती याच द्रव्यामुळे.

हा प्रयोग करणाऱ्या ई. के. जानकी अम्माळ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी उत्तर मलबारमधील तेलिचेरी, म्हणजे आजच्या तलश्शेरी येथे झाला. मद्रासमध्ये शिक्षण आणि काही काळ अध्यापन झाल्यावर त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांनी तिथे डॉक्टरेट मिळवली. भारतीय स्त्रीने वनस्पतिशास्त्रात ही पदवी मिळवण्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण. १९३४ मध्ये त्या कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. न्यू गिनीकडून आलेला जाड, गोड पण नाजूक ऊस आणि भारतातील नदीकाठी वाढणारे काटक रानटी ऊसगवत यांच्या संकरातून टिकाऊ व भरघोस वाण काढणे हे या केंद्राचे काम होते, आणि अशा संकरांतील गुणसूत्रांचा उलगडा करण्याचे काम जानकीबाईंकडे होते. उसाचा मका, बांबू, ज्वारी या गवतकुळातील पिकांशी संकर घडवण्याचे प्रयोगही त्यांनी केले. पश्चिम महाराष्ट्रातील ऊसकऱ्याच्या तोंडी रोज असलेल्या को ८६०३२ या वाणातील ‘को’ हे अक्षर कोइम्बतूरचेच आहे. हा वाण त्यांच्यानंतर कितीतरी काळाने आला, तरी तो ज्या केंद्राच्या परंपरेत तयार झाला त्या परंपरेच्या पायाभरणीच्या काळात त्यांनी तिथे काम केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अविवाहित स्त्री म्हणून आणि तथाकथित खालच्या मानलेल्या जातीतून आलेली म्हणून तिथे त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

१९४० पासून पाच वर्षे त्यांनी लंडनच्या दक्षिणेकडील मर्टन येथे जॉन इनेस उद्यानविद्या संस्थेत काम केले. त्या काळात शहरावर बॉम्ब पडत होते. तिथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह लिहिलेला ‘क्रोमोसोम ॲटलास ऑफ कल्टिव्हेटेड प्लँट्स’ हा लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्यांचा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. संकर करू पाहणाऱ्याला दोन वनस्पतींचा मेळ बसेल की नाही याचा पहिला अंदाज गुणसूत्रांच्या संख्येवरून येतो, म्हणून अशा कोशाची गरज मोठी होती. त्यानंतर विस्लीने त्यांना पेशीशास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि १९५१ पर्यंत त्या तिथे राहिल्या. पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतात परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेच्या पुनर्रचनेचे काम, पुढे अलाहाबाद, जम्मू, काही काळ मुंबईतील तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र आणि अखेरीस मद्रास विद्यापीठ असा त्यांचा कार्यप्रवास झाला. १९५५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे पृथ्वीचा चेहरामोहरा बदलण्यातील मानवाच्या वाट्यावर जे गाजलेले चर्चासत्र झाले, त्याला निमंत्रित झालेल्या त्या एकमेव स्त्री होत्या. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतरच्या वर्षांत, ऐंशी ओलांडूनही, केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल जलविद्युत प्रकल्पाखाली बुडू नये म्हणून त्यांनी आवाज उठवला आणि तेथील वनस्पतींच्या गुणसूत्रांची पाहणी हाती घेतली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. भारतातील शालेय पुस्तकांत पुरुष वनस्पतिशास्त्रज्ञांची नावे भेटतात, पण जानकी अम्माळ यांचे नाव अनेकांना इंग्लंडमधल्या झाडाच्या पाटीवर प्रथम वाचावे लागते, ही गोष्ट मनाला लागते.

विस्लीपासून फार दूर नाही असे गोडलमिंग हे गाव वॉटर्लू स्थानकातून निघणाऱ्या रेल्वेने गाठता येते, आणि त्याच्या बाहेर मन्स्टेड वुड हे गर्ट्रूड जीकिल (१८४३–१९३२) यांचे घर व बाग आहे. मूळच्या चित्रकार व भरतकाम करणाऱ्या जीकिलबाईंची दृष्टी अधू होत गेली आणि १८९१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम सोडायला सांगितले, तेव्हा रंगांची सगळी जाण त्यांनी बागेत उतरवली. इंग्रजी बागेतील ‘बॉर्डर’ म्हणजे भिंतीच्या किंवा वाटेच्या कडेने केलेला, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या फुलझाडांचा लांबलचक वाफा. मन्स्टेडचा मुख्य वाफा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. त्याच्या टोकांना राखाडी पानांसोबत निळी, पांढरी, फिकट फुले आणि मध्याकडे क्रमाने पिवळी, नारिंगी व गडद लाल फुले अशी मांडणी होती. यामागे नेत्रविज्ञान आहे. तांबड्या-नारिंगी रंगाने डोळा भरून गेला की त्यानंतर येणारा राखाडी-निळा रंग एरवीपेक्षा अधिक झळाळतो, म्हणून चालणाऱ्याला प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यामुळे खुललेला दिसतो. सुमारे ४०० बागांचे आराखडे आणि हजाराहून अधिक लेख त्यांच्या नावावर आहेत. त्यांचे घर आखणारे तरुण वास्तुविशारद एडविन लट्येन्स पुढे नवी दिल्लीचे शिल्पकार झाले. राष्ट्रपती भवनाची बाग आखणाऱ्या या माणसाने फुलझाडांच्या रचनेचे धडे मन्स्टेडमध्ये घेतले होते. विल्यम निकल्सन या चित्रकाराने १९२० मध्ये जीकिलबाईंच्या झिजलेल्या बुटांचे चित्र काढले. ते आता टेट संग्रहालयात आहे, आणि वाकून, गुडघ्यांवर बसून केलेल्या कामाची त्या चामड्यावर पडलेली मोड त्यात स्पष्ट दिसते. २०२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने मन्स्टेड वुड विकत घेतले.

केंटमधील सिसिंगहर्स्ट येथे जायचे तर स्टेपलहर्स्ट हे रेल्वेचे सोयीचे स्थानक. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट (१८९२–१९६२) या लेखिकेचे बालपण नोल या विशाल वाड्यात गेले, पण वंशपरंपरेच्या नियमानुसार तो केवळ पुरुष वारसाकडे जाऊ शकत असल्याने वडिलांच्या मृत्यूनंतर काकांकडे गेला. दोन वर्षांनी, १९३० मध्ये, त्यांनी आणि पती हॅरॉल्ड निकल्सन यांनी सिसिंगहर्स्टच्या ढासळलेल्या गढीचे अवशेष विकत घेतले. सरळ रेषा, कुंपणे आणि दालनांसारखे कप्पे पतीने आखले, आणि ते काठोकाठ भरणारी लागवड पत्नीने केली. पांढरी फुले व रुपेरी पाने एवढ्यांचीच असलेली तिथली श्वेत बाग जगभर नकलली गेली. मात्र पुढे बागेला जी घडी मिळाली ती पॅमेला श्वेर्ट आणि सिबिली क्रॉइत्सबर्गर या दोन मुख्य माळणींची. ऑक्सफर्डजवळच्या वॉटरपेरी येथे बिअॅट्रिक्स हॅवर्गल यांनी १९३२ पासून चालवलेल्या मुलींच्या उद्यानविद्या शाळेत त्या शिकल्या आणि १९५९ पासून तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सिसिंगहर्स्टचा कारभार सांभाळला. मालकिणीचे नाव सर्वतोमुखी होते. बाग टिकवणाऱ्या दोघींचे नाव जाणकारांपुरते राहिले.

लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून कोलचेस्टर आणि तिथून काही मैलांवर एल्मस्टेड मार्केट येथे बेथ चॅटो (१९२३–२०१८) यांची बाग आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने या मार्गावरील एकच बाग पाहायची ठरवली, तर ती हीच असावी. एसेक्सच्या या भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आकड्यापुरते पाहिले तर माण-खटावच्या अवर्षणप्रवण पट्ट्याइतकाच. फरक एवढा की तिथे तो वर्षभर थोडाथोडा येतो, ऊन सौम्य असते आणि बाष्पीभवन कमी होते. शिक्षिका झालेल्या बेथबाईंनी १९६० मध्ये पतीच्या फळबागेच्या आवारातील पडीक तुकड्यावर काम सुरू केले. पती अँड्रू चॅटो यांनी आयुष्यभर एकच अभ्यास केला, तो म्हणजे बागेतील झाडे मूळची कोणत्या मातीत व हवामानात वाढतात याचा. त्या अभ्यासाच्या आधारे बेथबाईंनी पाणी मागणारी झाडे ओढ्याकाठी, सावली मागणारी ओकवृक्षांखाली आणि कोरडवाहू झाडे वाळूमिश्रित उतारावर लावली. योग्य जागी योग्य रोप, हे त्यांचे सूत्र. १९६७ मध्ये त्यांनी रोपवाटिका काढली आणि १९७७ ते १९८७ या काळात चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात दहा सुवर्णपदके सलग मिळवली.

त्यांचे सर्वांत धाडसी काम म्हणजे खडीची बाग. सुमारे पाऊण एकराचे, गाड्यांच्या चाकांनी घट्ट दाबलेले वाहनतळ १९९१ मध्ये त्यांनी खोल नांगरून घेतले, मातीत कुजलेले खत मिसळले, रोपे लावण्यापूर्वी पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांच्या मुळांना पुरेसे पाणी पाजले, लागवड झाल्यावर वरून खडीचे आच्छादन पसरले, आणि त्यानंतर या बागेला पाणी देणे थांबवले. खडीमुळे जमिनीतील ओल उडत नाही, तण कमी उगवते आणि पावसाचा थेंब माती उधळत नाही. कोरड्या नदीपात्रासारख्या वळणदार वाटांच्या कडेने लव असलेल्या राखाडी पानांची, सुगंधी तेल असलेल्या झुडपांची आणि कांद्याच्या जातीतील फुलांची दाटी दिसते. पान हातात घेतले की कारण कळते. पानावरची लव हवेचा पातळ थर अडवून ठेवते, राखाडी रंग ऊन परतवतो, आणि त्यामुळे पानातले पाणी वाचते. दुष्काळी वर्षांतही नळ उघडायचा नाही हा नियम त्यांनी पाळला. जी झाडे तगली ती राहिली आणि जी वाळली त्यांची नोंद करून तिथे दुसरी आली. मराठवाड्यात वा सोलापूरच्या बाजूला घराभोवती हिरवळ लावून टँकरच्या पाण्याने ती जगवणाऱ्यांनी या प्रयोगाकडे गांभीर्याने पाहायला हवे. तिथली झाडे इथे आणण्याची गरज नाही. आपल्या माळरानावर आपोआप तगणारी झाडेझुडपे कोणती, हे आधी पाहून मग बाग आखणे एवढी रीत उचलली तरी पुरेशी आहे.

प्रवाशाच्या सोयीसाठी ऋतूंचे गणित सांगायचे, तर विस्लीचे मॅग्नोलिया मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी, सिसिंगहर्स्टची श्वेत बाग जूनअखेर ते जुलै आणि एल्मस्टेडची खडीची बाग जूनमध्ये ऐन बहरात असते. नॉर्थ कलादालन कोणत्याही ऋतूत पाहता येते, तर मन्स्टेड वुडसाठी आधी चौकशी करणे आवश्यक आहे. मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्या मराठी मंडळींनी राजवाडे आणि संग्रहालये यांतून एक दिवस काढून विस्लीला जावे, बॅटल्स्टन टेकडी चढावी आणि जानकी अम्माळ यांच्या नावाची पाटी नातवंडांना वाचून दाखवून त्या कोण होत्या हे सांगावे.